समदे पेरतेत ते

बेंबळी आणि धाराशिव तालुक्यातील आसपासच्या गावांत खरिपाच्या तोंडावर हमखास भेटणारा एक सामाजिक नमुना म्हणजे अनुयायी शेतकरी होय. मात्र तो कोणा पुढाऱ्याच्या मागे जात नाही, तर ‘समद्यांच्या’ मागे जातो. मृगाचा पाऊस झाला की त्याची नजर शेजाऱ्याच्या मोटारसायकलवरील बियाण्याच्या पिशवीवर खिळते, कृषी सेवा केंद्रात तो ‘समदे काय नेतेत?’ एवढेच विचारतो, आणि ‘सोयाबीन’ हे उत्तर ऐकताच त्याचे कृषिसंशोधन पूर्ण होते. शेजाऱ्यानेही ती पिशवी याच्याच भरवशावर घेतलेली असते, हे दोघांपैकी कोणालाही कळत नाही.

या वृत्तीला समूहानुसरण, म्हणजे स्वतःचा अंदाज बाजूला ठेवून बहुसंख्यांची री ओढणे, असे म्हणतात. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत रेघांची लांबी डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही, इतरांनी ठरवून चुकीचे उत्तर दिल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्यांच्या ‘हो’त ‘हो’ मिसळला. उलट एक जरी सोबती खरे बोलला, की हे प्रमाण झपाट्याने घसरले.

तरीही या अनुयायी शेतकऱ्याला सरसकट मेंढरू ठरवणे अन्यायाचे होईल, कारण शिवारात एकट्यानेच ज्वारी पेरली तर गावभरची पाखरे त्याच्याच कणसांवर उतरतात, आणि जे पीक सगळ्यांचे असते त्यालाच मळणीयंत्र व व्यापारी वेळेवर मिळतात. शिवाय वेगळे पीक बुडाले तर माणूस येडा ठरतो. सर्वांचे बुडाले तर तो केवळ दुष्काळग्रस्त ठरतो.

पण समद्यांच्या सोबतीने भाव टिकतोच असे नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांच्या घरात गेले. 2024 च्या हंगामात हमीभाव, म्हणजे सरकारने जाहीर केलेला किमान दर, 4,892 रुपये असताना बाजारभाव त्याहूनही खाली होता. त्यामागे खाद्यतेलाची आयात आणि जागतिक बाजार होते, पण अनुयायी शेतकऱ्याने त्यांची चौकशी न करता ‘समद्यांचं झालं ते आपलं झालं’ असे म्हणून पारावर चहा मागवला. हे समाधान मनाला पुरते, हिशेबाला पुरत नाही. कारण पेरणीचा निर्णय समद्यांचा असला, तरी पीककर्जाचा बोजा ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावरच चढतो.