राक्षसाचा सातबारा

अद्भुत कादंबऱ्या लिहिणारा माणूस हवेत असतो, असा समाजाचा पक्का समज आहे. लग्नाच्या पंगतीत त्याची ओळख करून देताना "हे लिहितात" इथवर सगळे ठीक चालते. पुढे "म्हणजे आपलं, जादूबिदू, राक्षसबिक्षस" अशी पुस्ती जोडली जाते आणि समोरचा माणूस जिलबीचे ताट हळूच त्याच्यापासून दूर सरकवतो. अशा माणसाला पत्ता विचारू नये, उसने पैसे देऊ नयेत आणि त्याच्या हातात गॅस सिलिंडरचे बुकिंग तर मुळीच सोपवू नये, असे सर्वांना वाटते. पैसे आणि सिलिंडर यांबाबत समाजाचे बरोबर आहे. बाकीचे साफ चूक आहे. मराठीत लिहिणाऱ्या सगळ्या जमातींमध्ये जमिनीला इतका चिकटलेला प्राणी दुसरा नाही. वास्तववादी कादंबरीकाराला जग आयते मिळालेले असते. त्याच्या नायकाने यवतमाळहून दारव्ह्याची एसटी धरली की रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि तिकीट महामंडळाचे. अद्भुतकाराला रस्ता स्वतः बांधावा लागतो, त्यावर पूल टाकावा लागतो आणि तो पूल पुढच्या पावसाळ्यात कोणी दुरुस्त केला याची नोंदही ठेवावी लागते. थोडक्यात, हा गृहस्थ मुळात तलाठी आहे. (तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण त्यामुळे उताऱ्यासाठीचे हेलपाटे कमी झाल्याचे ऐकिवात नाही.) फरक एवढाच की त्याच्या वाट्याला आलेला सजा कुठल्याच तालुक्यात नाही.

समजा, हा माणूस लोहाऱ्यात राहतो. जागा मुद्दाम निवडली आहे. यवतमाळ शहर दारव्हा रोडने सरकत सरकत जिथे येऊन टेकले, ते हे गाव. एका अंगाला एमआयडीसी, त्यात जीन्सचे कापड विणणारा मोठा कारखाना, दुसऱ्या अंगाला अजून कपाशी. शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले हे सांगायचे तर नकाशाच काढावा लागेल, आणि नकाशा काढण्याची खोड असलेल्या माणसाला आणखी काय हवे? दिवसभर तो कुठल्यातरी कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये नाहीतर पतसंस्थेच्या काउंटरवर असतो. पहाटे तो कच्चा खर्डा लिहितो, रात्री जुन्या खर्ड्याची दुरुस्ती करतो. पहाटे राज्ये स्थापन होतात आणि रात्री त्यांचे ऑडिट होते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की त्याच्या कादंबरीतले बर्फाळ प्रांत अचानक वाढतात. टीकाकार यात प्रतीके शोधतील, पण कारण कूलरची मोटर जळाली हे असते.

त्याची फुलस्केप वही उघडून पाहावी. वाटते, काव्यमय काहीतरी सापडेल. सापडते ते असे: 'सेनापती निघाला, पौर्णिमा. नदी ओलांडली, तिसरा दिवस. किल्ल्यावर छापा, सातवा दिवस, संध्याकाळ, लख्ख चांदणे.' यातल्या 'लख्ख चांदणे'भोवती लाल पेनाने गोल, आणि पुढे स्वतःलाच झापलेले: 'वद्य सप्तमी! चंद्र मध्यरात्री उगवतो!!' आता छापा मध्यरात्रीनंतर घालायचा, तर पहारेकरी बदललेले असणार. पहारेकरी बदलले, तर फितूर झालेला पहारेकरी ड्युटीवर नसणार. तो नसला, तर दरवाजा उघडणार कोण? एका चंद्रापायी चार प्रकरणे खाली येतात. हा वेडेपणा फक्त लोहाऱ्याचा नाही. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनी १९४४ साली आपल्या मुलाला पाठवलेल्या पत्रात नेमके हेच रडगाणे गायले आहे. कथेतला चंद्र एका मुलखात उगवत होता आणि त्याच वेळी दुसऱ्या मुलखात मावळत होता, आणि तो ताळ्यावर आणण्यात त्यांची सबंध दुपार गेली. जगात महायुद्ध चालू, मुलगा हवाई दलात आणि बाप चंद्राची हजेरी घेतोय. अमेरिकेच्या जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत एका घोड्याचे लिंग एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाईपर्यंत बदलले होते, आणि ते वाचकांनी पकडले. वास्तववादी कादंबरीत नायकाच्या आत्याचे नाव मध्येच बदलले तरी कोणी हूं की चूं करीत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा परदेशी नाद. आपल्याकडची अद्भुताची परंपरा मोकळी, वाहती होती, तिला हिशेब ठाऊक नव्हता. तर मग महाभारतातला बकासुर घ्या. एकचक्रा नगरीवर राक्षस आहे, एवढे सांगून व्यासांना पुढे जाता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी राक्षसाचा शिधा ठरवून दिला: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. शिवाय घरागणिक पाळी लावली. पाळी आहे म्हणून त्या ब्राह्मणाच्या घरात रडारड आहे, रडारड आहे म्हणून कुंती विचारपूस करते आणि म्हणूनच भीम गाडा हाकत निघतो. पाळीपत्रक काढून घ्या, गोष्ट उभीच राहणार नाही. याउलट आपल्या पहिल्या पिढीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या पाहा. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. एके काळी लोकांनी त्या आवडीने वाचल्या, मग हरिभाऊ आपटे आले आणि त्या अभ्यासक्रमापुरत्या उरल्या. वास्तवाने अद्भुताचा पराभव केला, असे आपण शाळेपासून लिहीत आलो. मला ते पटत नाही. बकासुराला हरिभाऊ हरवू शकले नाहीत. हरले ते फुकटातले अद्भुत, ज्यात हवा तेव्हा योगायोग हजर होतो आणि त्याचा खर्च कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

खऱ्या जगाला ही सक्ती नाही, आणि अद्भुतकाराचा खरा जळफळाट तिथे आहे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे आठवा. ११३ किलोमीटरचा अरुंद रूळ, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन, ते थेट १९९४ पर्यंत धावले. धावले म्हणजे रेल्वेच्या भाषेत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे देश स्वतंत्र होऊन अनेक दशके उलटली तरी या मार्गाची मालकी एका खासगी ब्रिटिश कंपनीकडे होती. ही गोष्ट आमच्या लोहाऱ्याच्या लेखकाने कादंबरीत घातली असती, तर संपादकाने समासात लिहिले असते: 'न पटणारे. राज्य गेले, पण गाडी राहिली? कारण द्या.' वास्तव कारण देत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. खोट्या राज्याला मात्र प्रत्येक पानावर कागदपत्रे दाखवावी लागतात.

दुरुस्तीच्या काळात त्याच्यातला तलाठी पूर्ण जागा होतो. सातबाऱ्यावरची जुनी नोंद पुसत नाहीत. तिला कंस करतात, फेरफाराचा क्रमांक घालतात आणि नवी नोंद खाली येते. कादंबरीत खाडाखोडीपेक्षा हे कितीतरी अवघड असते. याचा सर्वांत सुंदर नमुना पुन्हा टॉल्किन यांचाच. 'द हॉबिट' १९३७ साली निघाले तेव्हा त्यातला गॉलम नावाचा प्राणी आपली जादूची अंगठी कोड्यांच्या पैजेवर लावायला तयार होता. पुढे मोठी कादंबरी लिहिताना अंगठीचा स्वभाव असा ठरला की ती कुणी राजीखुशीने सोडणे जवळजवळ अशक्यच. मग १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलले. पण जुनी प्रत लोकांच्या कपाटात होतीच, तिचे काय करायचे? तर ठरले असे की ती अंगठी मिळवणाऱ्या नायकाने, बिल्बोने, पहिल्यांदा लोकांना खोटे सांगितले होते, आणि त्याने खोटे सांगितले हीच अंगठीच्या दुष्टपणाची पहिली खूण. कंस झाला, फेरफार मंजूर झाला आणि जुन्या चुकीचे रूपांतर पुराव्यात झाले. अशी नोंद साधावी म्हणून आमचा लेखक रात्र रात्र जागतो. त्याला साधते ती बहुधा एवढीच, की दुसऱ्या प्रकरणात मेलेला प्रधान नवव्या प्रकरणात बोलतो, तो त्याचा जुळा भाऊ होता.

आता खरा आक्षेप. पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात की हे नकाशे, वंशावळ्या, नाणी, वजनेमापे म्हणजे लिहिणे टाळण्याचे सभ्य निमित्त आहे. हे मान्य करायला हवे, कारण ते बऱ्याच अंशी खरे आहे. कादंबरीचे पहिले वाक्य लिहायचे सोडून तिसऱ्या राजघराण्याची धान्यमापे पायलीत असावीत की अडिशेरीत, यावर आठवडा घालवणारा माणूस काम करीत नसतो, तो कामाच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो. घरच्यांनाही हे कळते. "तुमचा तो राक्षस मेला का एकदाचा?" असे आतून विचारले जाते तेव्हा प्रश्न राक्षसाचा नसतो, दळण आणण्याचा असतो. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा ढासळत नाही. दप्तर लिहिण्यात वेळ घालवणारे तलाठी असतात म्हणून दप्तर निरुपयोगी ठरत नाही. कल्पना उडते ती बैठकीच्या जोरावर. कादंबरीकार नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखालचे शरीर लुळे झाले, आणि मराठी वाचकाला 'वीरधवल'च्या साहसांमागे पळायला लावले ते त्यानंतर.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. यवतमाळात जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी बाई त्या व्यासपीठावर उभी राहिली. अशा जिल्ह्यात बसून तू राक्षस लिहितोस? लाज वाटत नाही? प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने कादंबरी वाचलेली नसते. वाचली असती तर दिसले असते की या माणसाच्या साम्राज्यात सैन्य हलण्याआधी कापूस वेचला जातो, मोजला जातो आणि मापात मारला जातो. राजाची लढाई कुणाच्या दाण्यावर चालली आहे, हे जुन्या अद्भुतात कधी विचारलेच गेले नव्हते. हा विचारतो, कारण बोंडअळी आणि बाजारभाव यांच्या गप्पा त्याच्या खिडकीतून रोज आत येतात. दुःखावर थेट लिहिणारे लिहितातच, त्यांनी लिहावेच. पण हिशेब चुकता करायला एखादा राक्षस उपयोगी पडत असेल, तर त्याला जिल्हाबंदी कशाला?

त्याची खरी शरम निराळीच आहे आणि ती त्याची त्यालाच दुसऱ्या खर्ड्यात सापडते. राजा, ऋषी, राजकन्या, सगळे सदाशिव पेठेतली मराठी बोलतात. "काहून बे, इकडे कायले आला?" असे म्हणतो तो फक्त गुहेतला राक्षस, नाहीतर दारू पिऊन पडलेला पहारेकरी. लिहिणारा वऱ्हाडी, घर वऱ्हाडी, आणि वऱ्हाडी बोली दिली ती खाणाऱ्या तोंडाला! नाटक-सिनेमांनी वर्षानुवर्षे लावलेली ही सवय इतकी मुरलेली असते की पहिल्या खर्ड्यात ती दिसतही नाही. मग सम्राटाला वऱ्हाडी दिली जाते. दरबार एकदम खरा वाटू लागतो. मात्र त्यामुळे पहारेकऱ्याची बोली बदलावी लागते, त्याचे गाव बदलावे लागते, गाव बदलले की नदी सरकते, आणि नदी सरकली की पुन्हा तो सातवा दिवस, ती वद्य सप्तमी.

शेवटी पुस्तक छापले जाते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना अर्धे 'र्य' फुटतात आणि 'सूर्याच्या कन्या' कुणालाच वाचता येत नाहीत. प्रकाशक पाने कमी करायला सांगतो, आणि कमी होतो तो नेमका नकाशा. ग्रंथालयात ते बालविभागात जाते, तिथून कोणी मोठा माणूस पौराणिक विभागात हलवतो, तिथून भयकथांत. अद्भुतकाराला याचे दुःख होते, पण फार काळ नाही. कारण कुठूनतरी, बहुधा एखाद्या निवृत्त भूगोल शिक्षकाचे, पत्र येते: आपल्या नकाशात नाही, कारण तो छापलाच नाही, पण वर्णनावरून पाहता आपली नदी प्रकरण अकरामध्ये उताराच्या उलट वाहते, तरी खुलासा व्हावा. पत्र वाचून तो भयंकर खूश होतो, वही काढतो आणि नदीला कंस करतो.