स्वल्पविरामाचे उपद्व्याप

आमच्या सोसायटीने मेंटेनन्सचा हिशेब जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात हलवायचे ठरवले, आणि सभासदांची यादी कोणत्या फाइलीतून पाठवायची यावर कमिटी बसली. गळक्या टाकीसाठी ती एवढा वेळ कधी बसली नव्हती.

चेअरमन म्हणाले, "पीडीएफ द्या. त्यात कोणाला काही बदलता येत नाही."

"काका, त्यातून आम्हाला धड काही काढताही येत नाही," नव्या सॉफ्टवेअरवाला मुलगा नम्रपणे म्हणाला.

सेक्रेटरींनी सीएसव्ही सुचवली. नुसता मजकूर, एका ओळीत एक सभासद, दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. इतके साधे, की वर्षानुवर्षे सगळे वापरत होते आणि नियम नीट लिहून काढायला २००५ साल उजाडले. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त आपल्याकडचा पत्ता स्वल्पविरामाशिवाय लिहिता येत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. दुसरा मजला, मारुतीसमोर, गिरणीच्या मागे, सदाशिव पेठ. तो प्रत्येक स्वल्पविराम नव्या सॉफ्टवेअरने नवा रकाना मानला. एका सभासदांच्या मोबाइलच्या जागी 'गिरणीच्या मागे' आले आणि थकबाकी निघाली चार लाख अकरा हजार तीस रुपये. तो त्यांचा पिन कोड होता. ते तावातावाने ऑफिसात आले. ज्यांची थकबाकी खरोखर १,२५,००० होती त्यांच्या नावावर मात्र एकच रुपया उरला, कारण पुढचे २५ आणि ००० शेजारच्या रकान्यांत गेले. त्यांची तक्रार आली नाही.

मुलाने एक्सएमएल काढून दाखवली. १९९८ पासूनची, शिस्तीची. पण ती लग्नपत्रिकेसारखी: प्रत्येक नावाच्या आधी मान, नंतर पुन्हा तोच मान, आणि मूळ मजकूर शोधावा लागतो. मग जेसन. सुटसुटीत आहे, मला आवडलीही. पण तिच्यात शेरा लिहायची सोयच नाही. जेसन रूढ करणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती सोय मुद्दाम काढून टाकली. आमच्या कमिटीत शेऱ्याशिवाय कागद हलत नाही. जेसन तिथेच नामंजूर.

तेवढ्यात खजिनदारांनी सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली, 'नुसती नजर टाकायला', आणि सवयीने सेव्ह केली. लँडलाइनच्या नंबरांपुढचे शून्य गेले. ३-४ हा जोडफ्लॅट तीन एप्रिल झाला. खजिनदारांना बोलण्यात अर्थ नव्हता. जगभरचे शास्त्रज्ञ याच दुखण्याने बेजार आहेत. 'मार्च१' आणि 'सेप्ट१' या जनुकांना एक्सेल तारखा समजत असे. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. ही खोड बंद करायची सोय एक्सेलने दिली ती २०२३ मध्ये.

त्याच २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने कोविड चाचण्यांचे निकाल सीएसव्हीतून घेऊन जुन्या एक्सएलएस फाइलीत भरले. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. सुमारे सोळा हजार रुग्ण मोजणीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध रखडला. इथे हसू येत नाही.

आमची गाडी पुढे मराठी नावांवर अडली. जुन्या सॉफ्टवेअरचा फाँट युनिकोडपूर्व काळातला, त्यामुळे नव्या पडद्यावर कुलकर्णी आणि शेख दोघेही सारखेच अगम्य दिसले. ती नावे पुन्हा टाइप करून घ्यावी लागली.

तेव्हा यादी पाठवायची असेल तर खुशाल सीएसव्ही पाठवा. यूटीएफ-८ मध्ये. पत्ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा, रकमांतले स्वल्पविराम काढा, तारखेत वर्ष आधी लिहा. घेणाऱ्याला हे सगळे आधी फोन करून सांगा. आणि फाइल रवाना होईपर्यंत खजिनदारांना चहाला घेऊन जा.