पन्नास बार

ज्यांना असा माणूस अजून भेटला नसेल त्यांनी चारचौघांत नुसतं "मालवणला जाऊन आलो" एवढं म्हणून बघावं. कोपऱ्यातली एक खुर्ची पुढं सरकते.

"स्कुबा केलं का?"

"केलं की. ते आपल्याला धरून पाण्यात नेतात ना, ते."

"हां, म्हणजे ट्राय डाइव्ह."

पूर्वी बी. ए. झालेली माणसं ज्या सुरात "म्हणजे नॉनमॅट्रिक" म्हणायची, अगदी त्याच सुरात. मग पाकीट निघतं, त्यातून आधारकार्डाच्याही आधी दुसरंच एक कार्ड निघतं, आणि पुढचा पाऊण तास आपला राहत नाही.

मुंबई-पुण्याला असली माणसं गल्लोगल्ली असतील. आमच्या विसरवाडीत एकच आहे, पण तो सगळ्या गावाला पुरतो. नवापूर तालुक्यातलं, सुरत-धुळे हायवेवरचं हे गाव. इथून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे सुरतेचा डुमस, आणि तिथं गुडघाभर पाण्यात स्वतःची पावलं दिसत नाहीत. अशा गावातले सर आश्रमशाळेत गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर चारधामला जातात, सर तारकर्लीला गेले. तिथं एमटीडीसीची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. आधी तलावात, मग समुद्रात चार डाइव्ह, लेखी परीक्षा, आणि सर 'ओपन वॉटर डायव्हर' होऊन एसटीनं परत आले. वहिनींनी कोर्सला गेलेल्या पैशांत न्हाणीघराला फरशी बसवायचं ठरवलं होतं. न्हाणीघर अजून कोब्याचंच आहे.

त्या कोर्ससाठी न थांबता दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. सर ते कसं पोहले याबद्दल गावात दोन मतं आहेत. पोहायला वेळेची मर्यादा नसते, ही माहिती मात्र सरांनीच दिली. शिवाय पंचेचाळिशीच्या पुढच्यांना आरोग्याचे जास्तीचे प्रश्न असतात, एखाद्याचं उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. आमच्या डॉक्टरांनी असला फॉर्म जन्मात पाहिला नव्हता. ते खूप वेळ वाचत बसले. शेवटी "पाण्याखाली श्वास घेण्यास हरकत नाही" असं लिहून त्यांनी शिक्का मारला आणि शिपायाला विचारलं, "हे नेमके जातायत कुठं?"

एवढं सगळं चाललं असतं. पण सर तिकडून एक नियम घेऊन आले. टाकीत हवा दोनशे बार भरलेली असते. डाइव्ह उरकून वर येताना तिच्यात पन्नास बार शिल्लक राहिली पाहिजे. मध्येच काही झालं तर ती राखीव. चांगला नियम आहे, समुद्रात पाळावा. सर तो विसरवाडीत पाळतात.

मोटरसायकलचा काटा पाव टाकीवर आला की सर जिथं असतील तिथून माघारी वळतात. एकदा ते खांडबाऱ्याला एका मयताला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. मोबाइल पंचवीस टक्क्यांवर आला की "पन्नास बार झाले" म्हणून समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की ताटावर आडवा हात धरतात आणि पोटाकडं बोट दाखवून म्हणतात, "पन्नासला परतायचं." आठवडे बाजारात भाजीच्या मधोमध त्यांचं पाकीट पन्नासला येतं आणि वहिनींच्या पिशवीत कांदे असतात, बटाटे नसतात. सरांचे एक मामेसासरे सोनगडचे, गुजरातेतले. तिकडं दारूबंदी. जावई सगळ्यांदेखत पन्नास बारच्या गोष्टी करतोय म्हटल्यावर त्यांनी वहिनींना आत नेऊन हळूच विचारलं, कधीपासून लागलं हे?

पण कळस केला तो गॅसनं. घरगुती सिलिंडरला काटा नसतो. गॅस १४.२ किलो, आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन वर कड्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. सरांनी कापूसवाल्याकडून ताणकाटा आणला. दर रविवारी सकाळी नळी काढायची, सिलिंडर आढ्याच्या कडीला टांगायचं, वजन घ्यायचं, वजाबाकी करायची. साडेतीन किलो उरले की तो सिलिंडर बाद, "राखीव" म्हणून बाजूला. वहिनींच्या स्वयंपाकघरात दोन राखीव सिलिंडर उभे आणि शेगडी थंड, असा एक दिवस उगवला. चुलीवर भाकरी थापत वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, यांच्या डोक्यात किती बार उरलेत ते बघा ना जरा टांगून."

बाकीच्या खोडी मी माफ केल्या आहेत. पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी जातो म्हणून टोमॅटोवाल्याला "अठरा मीटरवर तुझा माल तपकिरी दिसेल" असं ऐन गिऱ्हाइकीत सांगणं, हे एक. दुसरं त्यांच्या खुणांचं. डायव्हरच्या भाषेत अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'सगळं ठीक' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवायची. मी व्हॉट्सॲपवर सवयीनं अंगठा पाठवला की सरांचा लगेच फोन येतो, "काय झालं? वर कशाला जायचंय?"

यंदा हिवाळ्यात सर म्हणाले, सर्टिफिकेट नुसतं खिशात ठेवून चालत नाही. गाडी ठरवली. वहिनी, मी आणि सर मालवणला गेलो. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचं डाइव्ह शॉप होतं. झावळ्यांची शेड, दोरीवर वाळत घातलेले वेटसूट, आकड्यांप्रमाणे लावलेल्या फिन्सचे क्रेट, आणि टेबलाशी एक विशीतला पोरगा. त्यानं आम्हाला विचारलं, "पोहता येतं?" सरांना विचारलं, "कार्ड? लॉगबुक? शेवटचा डाइव्ह कधी?" या तीन प्रश्नांसाठी सर विसरवाडीहून एवढ्या लांब आले होते. त्यांनी लॉगबुक दोन्ही हातांनी पुढं केलं. पोरानं ते उघडलं, चारच पानं भरलेली बघितली, आणि कोणालातरी आत हाक मारून सरांसाठी एक गाइड वेगळा काढून ठेवायला सांगितला.

होडीत इचलकरंजीचं एक कुटुंब होतं, सगळे माझ्यासारखे नॉनमॅट्रिक. सरांनी त्यांच्या आजींसकट सगळ्यांना सांगितलं की श्वास कधीही रोखायचा नाही, डाइव्हिंगचा हा पहिला नियम. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, खालची हवा छातीत कोंडून वर आलात तर ती फुगते, फुफ्फुस फाटतं. आजींनी उतरायला नकार दिला. मग समोर सिंधुदुर्ग आला. महाराजांनी १६६४ साली पाया घातला तो जलदुर्ग. पायात शिसं ओतलंय असं नावाड्यानं सांगितलं, तेव्हा सर आपल्या कमरेचा पट्टा चाचपत म्हणाले, "मलाही सहा किलो दिलंय."

खाली मी पाहिलं ते सांगतो. मला एकानं टाकीला धरून थोडं खाली नेलं होतं. त्यानं ब्रेडचा तुकडा सोडला, माझ्या तोंडाभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे आले, त्याचे फोटो निघाले, आणि तेवढ्यात पलीकडून सर गेले. डायव्हरनं आडवं राहायचं असतं. सर उभे होते. पायांनी सायकल, हातांनी कणीक मळणं, असं दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि तशातही ते प्रत्येक माशाकडं बोट दाखवून वर्गाला शिकवत होते. वर्गात एकटा गाइड. आम्ही वर येऊन अंग पुसतोय तोवर सरांचं फुगवलेलं जाकीट दिसलंच. सरांचा काटा पन्नासवर होता, गाइडचा एकशेवीसवर.

"सर, हातपाय कशाक मारतास? हवा संपता," गाइड म्हणाला. मग माझ्याकडं वळून, सरांना ऐकू जाईल अशा बेतानं, "सर दर टायमाक पयले पन्नासाक येतत."

एवढे दिवस मी ज्याला शिस्त समजत होतो ती हीच. जिथं तोंडात नळी असते, बोलता येत नाही, तिथंही हा माणूस बोलून हवा संपवतो. नवख्या डायव्हरचं असंच असतं म्हणे. धडपड जास्त, हवा जास्त. पन्नास-साठ डाइव्ह झाले की माणूस शांत होतो. सरांचे त्या दिवशीचे दोन धरून सहा झाले होते.

परतीचं तर विचारू नका. डाइव्हिंगनंतर अठरा तास विमानात बसू नये असा दंडक आहे. रक्तात नायट्रोजन मुरलेला असतो, उंचावर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. आमच्याकडं विमान नव्हतं. पण फोंडाघाट होता, आंबोली होती, कोल्हापूर-पुण्याकडून जायचं तर सह्याद्री चढणं भाग होतं. सरांनी नकाशा मांडीवर घेतला आणि आमची गाडी मुंबई-गोवा हायवेनं वर काढली. कशेडीला आता बोगदा झालाय, बाकीचे घाट बुटके, असं म्हणत पनवेल, ठाणे, मग वापी, सुरत, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. विसरवाडी समुद्राच्या बाजूनं! सुरतेला ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. वहिनी मागच्या सीटवर झोपेतून उठल्या, दुकानांवरच्या गुजराती पाट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "आते काय व्हयनं?" सर समाधानानं म्हणाले, "कोंडाईबारी पण चुकवली. ती धुळ्याकडून लागते."

मी हा लेख इथंच संपवणार होतो. पण मग सरांच्या आईंचं सांगायचं राहील.

आई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं गाव उकाईखाली गेलं. तापीवरचं ते धरण १९७२ साली पूर्ण झालं. धरण गुजरातेत, पण पाणी मागं फुगलं ते आमच्या तालुक्यातही. सर तेव्हा शाळेतही जायला लागले नव्हते. गाव त्यांना आठवतं की आईंच्या सांगण्यातून आठवल्यासारखं वाटतं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाही. आईंना घराचं काही वाटत नाही, कुडाचंच होतं. त्या विचारतात ते महूच्या झाडांचं. घराण्याचे पाच महू होते, चैत्रात पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायची. तारकर्लीहून कार्ड घेऊन आल्यावर सर पाया पडले, तेव्हा आई म्हणाल्या, आता तुला खाली जाता येतं ना, मग महू उभे आहेत का पडले तेवढं बघून ये.

हे सरांनी मला कधी सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, चुलीपाशी, त्या सिलिंडरच्या दिवशी. न्हाणीघराची फरशी का राहिली तेही त्यांना माहीत होतं. माझ्यापुढं त्या नवऱ्याला बोलल्या ते वेगळं.

मग सरांची उकाईसाठीची तयारी दिसायला लागली. उकाई तुडुंब भरलं तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १०५ मीटर. तीनशेच्या आत, म्हणजे उंचावरच्या डाइव्हचे वेगळे तक्ते नकोत, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. अडचण हवेची. टाकी भरायची कुठं? हायवेवरचा पंक्चरवाला म्हणाला, माझ्याकडं कॉम्प्रेसर आहे, आणा, दहा रुपयांत भरून देतो. त्या कॉम्प्रेसरची हवा तेलकट, श्वासाला विषारी, आणि तो दोनशे बारच्या जवळपासही जात नाही, असं सरांनी त्याला अर्धा तास समजावलं. वहिनी म्हणतात, समजावण्याआधी ते घटकाभर गप्प उभे होते.

दुसरी अडचण मोठी. फुगवट्याच्या गाळात खाली हात नाकाशी आणला तरी दिसत नाही. हे सरांना त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं. तो उकाईत मासेमारी करतो. जाळं बुडालेल्या झाडात अडकलं की बुडी मारून चाचपत सोडवतो. मी ओट्यावर होतो तेव्हा तो मासे द्यायला आला होता. सरांनी पहिला नियम सांगितला, श्वास कधीही रोखायचा नाही.

"सर, मग मी खाली जाऊ कसा?" पोरगा म्हणाला.

सर थांबले. उकाईच्या मासेमाऱ्याला बॉइलचा नियम त्यांनीच नववीत शिकवला होता. "तुला लागू नाही," ते म्हणाले. "तू वरची हवा घेऊन जातोस. खाली ती दबते, वर येताना होती तेवढीच होते. आम्ही खाली घेतो, म्हणून आमची फुगते." आणि मग, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी कुणालातरी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली. "झाडं उभी लागतात हाताला?"

"काही उभी लागतात. महू का काय ते नाही कळत. साल गेलीय."

आतून आईंनी त्याला हाक मारली. कार्डवाला मुलगा बाहेर बसून राहिला आणि बिनकार्डाचा आत जाऊन बराच वेळ आईंना खोडाची जाडी दोन्ही हातांनी दाखवत होता.

आता उन्हाळ्याचं ठरतंय. पाणी उतरेल तेव्हा जायचं, पोरगा दोर धरून पुढं, सर मागं. सुरतेहून टाक्या मिळतात का याची चौकशी चालू आहे. लॉगबुकात दृश्यतेचा रकाना असतो, तो सरांनी आधीच 'शून्य' म्हणून भरून ठेवलाय. त्याच्याखाली जोडीदाराचं नाव लिहायची जागा असते. तिथं माझं नाव आहे. मला विहिरीच्या काठापलीकडं पोहता येत नाही, हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं. त्यांनी अंगठा-तर्जनी जुळवली आणि माझं वजन विचारलं. गोड्या पाण्यात शिसं कमी लागतं म्हणाले.