देवघेव बंद राहील

पत्रिका चार रंगांत छापली आहे. 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांचे सत्कार, अध्यक्षीय समारोप, अल्पोपाहार. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'कार्यक्रमानिमित्त पुस्तकांची देवघेव बंद राहील.'

ही ओळ ज्यांना सुचली त्यांचा सत्कार सगळ्यांच्या आधी व्हावा. शाल मी देतो.

वाचनाची प्रेरणा तर द्यायची, पण त्या भरात कुणी पुस्तक मागायला उठू नये, ही केवढी दूरदृष्टी! ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं 1931 साली पुस्तकरूपानं आली. त्यातलं एक सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्याकडे वाचकाला दारातूनच परत पाठवतात. आणखी किती वाचवायचा? शेवटचं सूत्र म्हणतं, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आहेच. गेल्या वर्षी मांडव पायरीपर्यंत होता, यंदा रिक्षा स्टँडपर्यंत गेलाय.

बंदची कारणं विचाराल तर चोख आहेत. कादंबऱ्यांच्या कपाटावर फ्लेक्स टांगलाय. त्यावर हसऱ्या मुलाच्या हातात पुस्तक आहे आणि त्याच्या मागची खरी पुस्तकं कुलपात. बालविभागात केटरर बसलाय. चरित्रांसमोर मान्यवरांच्या खुर्च्या, म्हणजे थोरांकडे पाठ करूनच बसायचं. आणि किल्ल्या ज्या ग्रंथपाल बाईंकडे, त्या समोशांच्या पुड्या मोजतायत. त्यांना बोलून काय उपयोग? त्यांनीच सकाळी सतरंजी घालायची, दुपारी ध्वनिक्षेपकवाल्याच्या मागे धावायचं, संध्याकाळी अहवालाला फोटो चिकटवायचे आणि महिन्याअखेरीला जो पगार हातात पडेल तो शेजारच्या दुकानातल्या पोऱ्याला सांगायची लाज बाळगायची. पगाराला पैसा यायचा कुठून? मद्रास प्रांतानं 1948 सालीच कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. आपला कायदा 1967 चा. मधे एकोणीस वर्षं होती, समोर नमुना होता, तरी करच ठेवला नाही! मग अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसा आणि हप्ता येईपर्यंत दिवाळी अंकांवर भागवा. हे प्रास्ताविकात कुणी बोलणार आहे? नाही. प्रास्ताविकात दरवर्षी एकच बोलतात, हल्लीची मुलं वाचत नाहीत. अहो, परवाच एक मुलगी दप्तरासकट दारात उभी होती, हातात बदलायचं पुस्तक. तिला सांगितलं, 'आज तयारी आहे, कार्यक्रम झाल्यावर ये.' तयारीच्या दिवशीसुद्धा बंद! पत्रिकेत हे छापलेलंही नाही.

यापुढे 27 फेब्रुवारीला भाषा गौरव दिन येईल, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन. फ्लेक्स, समोसे, कुलूप. माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे, वर्षभरातल्या वाचनविषयक कार्यक्रमांची यादी एकदाच फलकावर लावा. आदल्या आठवड्यात दोन पुस्तकं जास्त द्या. अनामत भरतो.