आतल्या रस्त्याचा माणूस

चाळिशी उलटली की पुण्यातल्या सुखवस्तू पुरुषाला दोन वाटा खुणावू लागतात. एक कराओकेची, दुसरी सायकलची. पहिलीचा त्रास शेजाऱ्यांना होतो, दुसरीचा घरच्यांना. आपल्याला इथे कर्तव्य आहे ते दुसऱ्या वाटेने गेलेल्या, आणि त्यातही वरच्या इयत्तेत पोचलेल्या गृहस्थाशी.

पहिल्या इयत्तेत सगळेच असतात. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी जायचं, पोहे खायचे, फोटो टाकायचा. दुसरी इयत्ता ब्रेव्हेची, म्हणजे वेळेच्या बंधनातल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांची. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. हे चारही एका हंगामात जमले की 'सुपर रँदोनर' ही पदवी मिळते. ती नावापुढे लावता येत नाही, म्हणून बोलण्यात लावावी लागते. या काळात हा गृहस्थ रात्री दोन वाजता कुठल्याशा आडगावच्या एटीएममध्ये शिरून शंभर रुपये काढतो. पैशांसाठी नव्हे, पावतीसाठी. अमुक वेळेला आपण इथे होतो याचा तो पुरावा. रखवालदार जागा असला तर हे सगळं त्याला समजावून सांगतो. रखवालदार ऐकून घेतो आणि हा गेल्यावर मशीन नीट तपासतो.

घरात एव्हाना पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा विषय निघू लागलेला असतो. चार वर्षांतून एकदा, १२०० किलोमीटर, नव्वद तास. "पॅरिसहून निघून पॅरिसलाच यायचं," बायको विचारते, "तर मग निघायचं कशाला?" या प्रश्नाला सायकलविश्वात अजून उत्तर नाही.

वडिलांचा सूर आणखी वेगळा. ते सदाशिव पेठेतून खडकीच्या फॅक्टरीत नोकरीभर सायकलनेच गेले. चोवीस इंची काळी सायकल, डायनॅमोचा दिवा, मागे डबा, महापालिकेचा बिल्ला. त्या पुण्यात सगळेच सायकलवर असत, त्यामुळे कुणालाच आपण सायकलवर आहोत हे कळत नसे. चिरंजीवांची सर्टिफिकिटं आणि पदकं भिंतीवर चढताना बघून ते एवढंच म्हणतात, "आम्हाला एकदाच कागद मिळाला. डबलसीटच्या दंडाचा."

तिसरी इयत्ता आतल्या रस्त्यांची. हायवेवर एके दिवशी एखादा कंटेनर कानाला लागून जातो आणि त्या वाऱ्यातून तत्त्वज्ञान जन्माला येतं. "हायवे सोडला मी. आता वेग नाही, अंतर नाही, स्पर्धा नाही. फक्त आतले रस्ते." हे वाक्य म्हणताना तो जरा थांबतो, वानप्रस्थाश्रम जाहीर करणाऱ्याने थांबावं तसा. मात्र अंतर नाही म्हणणाऱ्याच्या हँडलवर अंतर, वेग, चढ, नाडी आणि मिनिटाला पायांचे फेरे दाखवणारं यंत्र तसंच असतं. विरक्तीचीही नोंद ठेवावी लागतेच.

वेग सोडला तरी सायकल जुनी चालत नाही. आतल्या रस्त्यांना वेगळी सायकल लागते, तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. म्हणजे पूर्वी दूधवाले ज्या खडीवरून साध्या सायकलने दोन कॅन अडकवून जात, त्या खडीवरून रिकाम्या हाताने जाण्यासाठी बनवलेली सायकल. तिची किंमत तीन प्रकारची असते. दुकानदाराने घेतलेली दीड लाख. बायकोला सांगितलेली सत्तर हजार. आणि गावाकडे कुणी विचारलं तर सांगायची, "असेल पंधराएक हजार."

वजनाबाबत तो फार कडक. सामान कमी म्हणून टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली, टॉवेलऐवजी हातरुमाल, गाठी मारायच्या दोऱ्यासुद्धा मोजून. असा सगळा हिशेब करून मुळशीच्या बाजूला दोन दिवस फिरून तो परत निघतो आणि पौडच्या अलीकडे घरून फोन येतो: "तिकडे आलाच आहात तर आंबेमोहोर घेऊन या. पाच किलो. कणी नको." मुळशीचा आंबेमोहोर नको म्हणायची कुणाची छाती आहे? पिरंगुटच्या चढावर मग अर्धा टूथब्रश आणि पाच किलो तांदूळ एकाच सायकलवर चढताना दिसतात.

गावातला त्याचा प्रवेश हा स्वतंत्र विषय आहे. भोरकडच्या एखाद्या फाट्यावर तो थांबतो. थांबतो म्हणजे आधी थोडा पडतो. बूट पेडलला अडकवलेले असतात आणि टाच फिरवून सोडवायचं ऐनवेळी सुचत नाही. पारावरची माणसं धावतात. "चक्कर आली का?" "नाही नाही, क्लीट अडकली." क्लीट हा दुखण्याचाच काही प्रकार असावा असं समजून कुणीतरी पाणी आणतं. मग त्याच्याकडे नीट पाहिलं जातं. अंगाला चिकटलेला पोपटी शर्ट, गॉगल, आणि ती गादीवाली तंग चड्डी. (आत आणखी काही घालायचं नसतं, हे ज्ञान नवख्याला बरेच किलोमीटर उशिरा दिलं जातं.) ओट्यावरची आजी पदर सारखा करून पलीकडे बघू लागते.

"कुठनं आला, पाव्हणं?"

"पुण्याहून."

"कशापायी?"

"असंच. फिरायला."

थोडी शांतता. "येष्टीचा संप हाय का परत?"

कुत्र्यांना मात्र काही विचारायचं नसतं. गावातल्या डझनभर मोटारसायकली जाऊ देऊन ती नेमकी याच्यामागे लागतात. त्यावर त्याचा अभ्यास आहे: पळायचं नाही, उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालू लागायचं. उपाय खरा आहे. फक्त उतरण्यासाठी आधी क्लीट सुटावी लागते.

चढावर एकदा शाळेतली मुलगी मागून येते. सरकारी योजनेतली सायकल, पायात चपला, पाठीवर दप्तर, मागे कॅरिअरवर धाकटा भाऊ. ती उभ्यानं पेडल मारत याला ओलांडून जाते, वळूनही पाहत नाही. तिची प्रार्थना चुकायला आलेली असते. रात्री ग्रुपमध्ये तो लिहितो की, आज संपूर्ण चढ जाणूनबुजून झोन टूमध्ये, म्हणजे नाडी फार चढू न देता, केला.

दिवाळीनंतर कोकण. प्रत्येक आतल्या रस्तेवाल्याला एकदा तरी किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं असतं. नकाशात रस्ता समुद्राच्या कडेने जातो, म्हणून तो सपाट असणार असं पहिल्यांदा वाटतं. प्रत्यक्षात गाव खाली खाडीशी, मग घाटी चढून वर कातळाच्या सड्यावर, पुन्हा उतरून पुढच्या गावात, पुन्हा वर. केळशी, आंजर्ले, हर्णै, पुढे कोळथरे, दाभोळ. प्रत्येक नाव सुंदर आणि प्रत्येक नावाआधी एक चढ. विश्रांती फक्त फेरीबोटीत. बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. बोटीत एक नैतिक पेच असतो: यंत्र चालू ठेवलं तर खाडीसुद्धा सायकलने पार केल्याची नोंद होते. तो प्रामाणिक आहे, बंद करतो. हेदवीच्या चढावर त्याला आणि सायकलला वर सोडणाऱ्या टेम्पोच्या वेळीही यंत्र बंदच होतं, त्यामुळे तो प्रसंग कुठेच नाही.

कोकणातल्याच एका तिठ्यावर मी या जमातीचा एक नमुना जवळून पाहिला. चाक बसलं होतं. ट्यूब त्याने स्वतः बदलली, फार सफाईने. हवा काही भरेना. खिशातल्या पंपाने तो भरत राहिला आणि चाक मऊच राहिलं. शेजारीच स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचं पंक्चरचं दुकान. दुकानदाराने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि वॉल पाहिला. "ही काय सुई लावलीय?" तो फ्रेंच वॉल, कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही, असं याने सांगितलं. दुकानदाराने वॉलवरचं काळं प्लास्टिकचं टोपण घेतलं, ब्लेडने त्याचं टोक उडवलं, वॉलची बारकी चकती सैल केली, टोपण उलटं फिरवून बसवलं आणि त्यावर कॉम्प्रेसरची नळी दाबली. दोन सेकंदांत चाक टणक.

"किती झाले?"

"हवेचे काय घ्यायचे? केवढ्याला पडली ही?"

"पंधराएक हजार."

दुकानदाराने सायकल पुढून-मागून पाहिली. "फसवलंनी तुम्हाला. स्टँड नाय, मडगार्ड नाय, घंटीपण दिली नाय."

या माणसाबद्दल माझी एकच खरी तक्रार आहे. त्याला शांतता फार आवडते. पाणंदीतून जाताना तो सायकल लावतो, बांधावर बसतो, आणि तिथे आलेल्या शेतकऱ्याला म्हणतो, "काय सुंदर रस्ता आहे हो तुमचा! असाच राहू दे." तो शेतकरी ही पाणंद पक्की व्हावी म्हणून ग्रामसभेपासून तहसीलपर्यंत चपला झिजवत असतो, कारण पावसात ट्रॉली रुतली की ऊस बाहेर निघत नाही. कोकणातल्या ज्या वाडीत त्याला फक्त पक्षी ऐकू आले, तिथल्या निम्म्या घरांना कुलूप असतं. माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. एसटीची फेरी बंद झालेली असते, म्हणून रस्त्यावर गाडी नसते. हे तो त्याच्या प्रवासवर्णनात लिहीत नाही. लिहायला सायकलवरून उतरून थोडा वेळ बसावं लागेल, आणि ऊन चढायच्या आत सडा पार करायचा असतो.

पण त्याला नुसतं हसून सोडून देता येत नाही. मोटारीच्या काचा वर करून त्याच गावावरून जाणारे आपण त्या शेतकऱ्याशी तेवढंही बोललेलो नसतो. याला निदान तिथल्या माठाचं पाणी ठाऊक आहे, कुठल्या घरी कोकम सरबत मिळतं ते ठाऊक आहे, पंक्चरवाल्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे.

तेव्हा तुमच्या गावच्या रस्त्यावर असा कुणी दिसला तर मागून कर्कश्श हॉर्न मारू नका. घाट किती उरला म्हणून विचारलं, तर "हे काय, आलंच" असं म्हणू नका. तीन किलोमीटर असतील तर तीन सांगा. कुत्र्याला हाक मारून आवरा. आणि मागे तांदळाची पिशवी बघून दया आली, चढावर हात लावून ढकललंत, तर गावात कुणाला बोलू नका. ॲपवर तो चढ त्याने एकट्याने चढलेला आहे.