नायिकेचं नक्षत्र कोणतं?

इंग्रजीत सध्या लहान गावातल्या प्रेमकादंबऱ्यांचं पीक जोरात आहे. साचा ठरलेला. शहरात पोळलेली मुलगी आडगावी येते आणि तिथे एक रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा पुरुष तिची वाटच बघत असतो. रॉबिन कारची ‘व्हर्जिन रिव्हर’ मालिका 2007 साली अशीच सुरू झाली: लॉस एंजेलिसची परिचारिका, कॅलिफोर्नियातलं खेडं, तिथल्या बारचा मालक. 2019मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली आणि आमच्याकडे रात्रीचं जेवण दहाला होऊ लागलं. हे आपल्याला का जमू नये, असं मला वाटलं. निवृत्त माणसाला असं बरंच काही वाटतं. पुण्याच्या एका संपादकांना फोन केला. “पाठवा की,” ते म्हणाले. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

गाव शोधायला लांब जायला नको होतं. मुलाच्या नोकरीपायी आम्ही चेन्नईत, मैलापूरला राहतो. नकाशात हा महानगराचा एक भाग; पण कपालीश्वराचं देऊळ, त्यामागचं तळं आणि भोवतीच्या चार माड वीथी एवढ्यात इथल्या जुन्या माणसाचं सगळं भागतं. चेतन भगतच्या ‘टू स्टेट्स’ची (2009) नायिकाही मैलापूरचीच, म्हणजे जागेला प्रेमकथेचा अनुभव होता. नसला तर मलाच नव्हता.

लिहायला बसलो ते मैलापूरच्याच लझ भागातल्या रानडे ग्रंथालयात. न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले, त्यानंतर व्ही. कृष्णस्वामी अय्यर वगैरे मैलापूरच्या वकील मंडळींनी त्यांच्या नावानं हे उभं केलं. मराठी माणसाला इथे स्फूर्ती यायलाच हवी. आली ती भलतीच. मला आठवत राहिलं की विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थानं 1873मध्ये, पहिली पत्नी गेल्यावर, वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं, आणि मग तिला शिकवायला बसला. पुढे रमाबाईंनी लिहिलेल्या आठवणी वाचा. त्यात प्रेम हा शब्द शोधावा लागतो आणि प्रेम पानोपानी सापडतं. माझ्या पहिल्या पानावर तो शब्द सात वेळा आला होता. पान फाडलं आणि निरीक्षणासाठी बाहेर पडलो.

नायक नायिकेसाठी चोरून मोगरा घेतो, असा प्रसंग होता. म्हणून उत्तर माड वीथीवर एका फूलवालीपाशी उभा राहिलो. माळ मोजायची पट्टी म्हणजे तिचाच हात: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळम. दोरा बोटाला अडकवून ती तो असा झर्रकन कोपराशी आणते की गिऱ्हाईक डोळ्यांत तेल घालून बघत राहतं. लांब हाताची फूलवाली गाठावी, हे इथल्या बायकांचं शहाणपण. मी मोजणं बघत बसलो, तर तिनं पाच मोळम मोजून टाकले. नको म्हणायची हिंमत झाली नाही. पुडी घेऊन, कोपऱ्यावर कॉफी पिऊन घरी पोचलो, तर बायको दारातच.

“अहो, एवढी फुलं कोणासाठी?”

“तुला कोणी सांगितलं?”

“शेजारच्या मामींनी. त्यांना इस्त्रीवाल्यानं.”

दोनशे पानं गुपित राखायचं होतं माझ्या नायकाला. मैलापुरात ते एका कॉफीइतकंही टिकलं नाही.

मामींनाच मग सल्लागार नेमलं. त्यांना वाचता यावं म्हणून नायक-नायिकेची माहिती इंग्रजीत एका कागदावर टंकून दिली. नायिका 28, एम.टेक., अमेरिकेतून परत, आजीची मेस चालवते. नायक 31, जुन्या पुस्तकांचं दुकान, पोरका, अबोल. खाली, सवयीनं, माझा फोन नंबर.

मामींनी कागद चष्मा वर करून वाचला. “पोरका? मग बोलणी करायला कोण येणार? आणि दुकानाची जागा स्वतःची की भाड्याची?”

सहाव्या प्रकरणात नायिकेला त्याच्या टेबलावर दुसऱ्याच मुलीचं पत्र सापडतं आणि मोठा गैरसमज होतो, हे मी रंगवून सांगितलं. “त्यात काय? ती मुलगी कुणाची ते देवळात विचारायचं. संध्याकाळपर्यंत कळतं,” मामी म्हणाल्या. सहावं प्रकरण गेलं. नाराज होऊन मी विचारलं, इथे कधी कुणी प्रेमात पडलंच नाही का? तेव्हा त्यांनी पूम्पावैची गोष्ट सांगितली. शिवनेसन नावाच्या व्यापाऱ्याची मुलगी साप चावून गेली. बापानं तिची राख घड्यात जपून ठेवली. संबंदर या संतकवीनं देवळापाशी पदं गायली आणि घड्यातून मुलगी उभी राहिली. बाप म्हणाला, आता हिच्याशी लग्न करा. संबंदर म्हणाले, मी हिला जन्म दिला, ही माझी लेक झाली. पंगुनी महिन्यातल्या उत्सवात आठव्या दिवशी दर वर्षी हा प्रसंग साजरा होतो. गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. घड्यातून नायिका बाहेर काढूनही जिथे लग्न होत नाही, तिथे माझ्या बिचाऱ्या पुस्तकवाल्याचा काय पाड लागणार?

कागद मामींकडेच राहिला. तो वीथ्यांमधून कसा फिरला ते देव जाणे. पण फोन सुरू झाले. मुलगी कुठल्या कंपनीत होती? ग्रीन कार्ड सोडलं का? नक्षत्र कोणतं? मुलगी काल्पनिक आहे म्हटलं तर पलीकडून उत्तर, “चालेल, आधी पत्रिका पाठवा.”

एका रविवारी नायिकेला मागणी घालायला एक कुटुंब आलं. मुलगा बंगळुरूला, लाजाळू, घाम पुसणारा. त्यांना खरं सांगायला तोंड उघडतो तोच नायकाची चौकशी करायला दुसरं कुटुंब दारात. मुलगी सीए, हातात हेल्मेट. नायकाला आईबाप नाहीत ही तिच्या दृष्टीनं जमेची बाजू होती, असं ती स्पष्टच म्हणाली. मुलाची आई खाकरली. मी स्वयंपाकघरात पळालो आणि कॉफी केली. डिकॉक्शन इतकं पातळ की पेल्याचा तळ दिसत होता. बाहेर आलो तेव्हा दोन्ही आया एकाच गावच्या निघाल्या होत्या, मामी बोटांवर पोरुत्तम, म्हणजे पत्रिकांचे गुण, मोजत होत्या, दहापैकी आठ जुळले होते, आणि ती दोघं बाल्कनीत उभी राहून माझ्या कॉफीला हसत होती. माझ्या कादंबरीत हे हसू तेराव्या प्रकरणात येणार होतं.

लग्नाला आम्ही गेलो. मुलाला बाजूला गाठून, नेमकं कुठल्या क्षणी काय वाटलं, म्हणून वही काढली. तो म्हणाला, “सार, ती कॉफी.” पुढे काही बोलेना, अबोल नायक अखेर भेटला तो असा. एवढ्यात मामी कुणाला तरी माझ्याकडे बोट दाखवून काही सांगत होत्या. केळीच्या पानावर पायसम वाढायच्या आत तीन अनोळखी गृहस्थांनी माझ्या खिशात पाकिटं सरकवली. हळद लावलेली, आत पत्रिका.

तेवढ्यात पुण्याहून फोन. या वेळी शिट्ट्या नव्हत्या.

“काय हो, कुठवर आलीय कादंबरी?”

“नक्षत्र जुळतंय,” मी म्हणालो. “गोत्र एक निघू नये म्हणजे झालं.”