मोजू नका, टाकू द्या

चौदा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाने दिवसभरात किती चेंडू टाकले हे मोजणे म्हणजे त्याच्या गुणवत्तेवर संशय घेणे. आपल्या मैदानांवर असा संशय सहसा कोणी घेत नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. सकाळी नेट्समध्ये, दुपारी शाळेच्या सामन्यात, रविवारी क्लबकडून पोरगा टाकतोच आहे. चांगला असेल तर चौदाखालच्या गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धेत टाकतो आणि सोळाखालच्या हॅरिस शील्डमध्येही टाकतो. शाळेच्या सरांकडे शाळेचा हिशेब, क्लबच्या सरांकडे क्लबचा. बेरीज कोणाकडेच नाही, आणि म्हणूनच सगळे निर्धास्त आहेत.

काही अभ्यासकांनी जोर मोजणाऱ्या पाट्यांवर गोलंदाजांना पळवून पाहिले आहे. पुढचा पाय क्रीझवर आदळतो तेव्हा जमीन उलटा जो दणका देते, तो शरीराच्या वजनाच्या साधारण पाचपट असतो. काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त. सेकंदाच्या काही शतांशांत तो शिगेला पोचतो. गुडघा वाकला तर त्यातला थोडा तिथेच जिरतो, पण चेंडूचा वेग कमी होतो. म्हणून ‘पुढचा पाय ताठ ठेव’ असे सांगणारे प्रशिक्षक मला थोर वाटतात. त्यांनी दणक्याला वर जाण्यासाठी सरळ रस्ता करून दिला आहे.

आता हिशेब करू. पोराचे वजन 50 किलो, म्हणजे दर चेंडूला 250 किलोंचा भार. वीस षटकांचे 120 चेंडू. एकूण 30,000 किलो, तेही एकाच पायावर आणि एका दिवसात. मार्केट यार्डातल्या पोत्याचे वजन 50 किलोंवर आणायला हमालांना वर्षानुवर्षे लढावे लागले. कोवळ्या गोलंदाजांनी अजून संघटना काढलेली नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

हा भार कुठे जातो, हेही समजून घेण्यासारखे आहे. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू सोडताना कमरेतून एकाच वेळी मागे ताणला जातो, डावीकडे झुकतो आणि पीळ घेतो. कमरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांना मागच्या बाजूला डावी-उजवीकडे हाडाची एकेक अरुंद पट्टी असते. हा सगळा पीळ त्यांच्यावर येतो, बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या पट्टीवर. ही पट्टी पुरती पक्की व्हायला विशी उलटावी लागते. चौदाव्या वर्षी ती कच्ची असते, आणि मेहनत कच्च्या वयातच करून घ्यायची असते यावर आपले एकमत आहेच.

हाड मात्र हट्टी. दर माऱ्याने त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. शरीर आधी तो खराब भाग पोखरून काढते, याला काही आठवडे लागतात. मग नवे हाड भरते, त्याला महिने लागतात. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कमजोर असते. विश्रांती दिली तर पट्टी आधीपेक्षा जाड होते, असे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण शनिवारी उपांत्य फेरी असताना हाडाच्या सवडीने चालायचे कोणी?

म्हणून पोराने कंबर धरली की ‘उसण भरली असेल’ हे निदान सर्वोत्तम. बाम चोळावा, शेकावे, आणि अजून चार षटके द्यावीत. फारच कुरकुर केली तर एक्स-रे काढावा. त्यात अशी भेग बरेचदा दिसत नाही, त्यामुळे घरात समाधान राहते. एमआरआय मात्र टाळावा. हाड तुटण्याआधी त्याच्या आत आलेली सूजही त्यात दिसते, आणि मग मुलाला वेळेवर थांबवण्याची नामुष्की ओढवते.

पालकांना थोरांची उदाहरणे जरूर द्यावीत. पॅट कमिन्स अठराव्या वर्षी, नोव्हेंबर 2011मध्ये, जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला आणि सामनावीर ठरला. हे सांगून थांबावे. दुसरी कसोटी खेळायला त्याला मार्च 2017मध्ये रांचीला यावे लागले, आणि मधली वर्षे बरीचशी पाठ सांभाळण्यात गेली, हे सांगायची गरज नाही. 1973मध्ये डेनिस लिलीच्या मणक्याला भेगा गेल्या आणि त्याला धड प्लास्टरमध्ये घालून घ्यावे लागले, तरी तो परतला. जसप्रीत बुमराही 2023मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून परतला. परतलेल्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात, त्यामुळे सगळेच परततात असे मुलाला छातीठोकपणे सांगता येते.

शेवटी एखाद्याची पट्टी तुटतेच. मग काही महिने सक्तीची विश्रांती, धावणे बंद, कमरेला पट्टा. हे सहसा नववी-दहावीच्या सुमारास होते, आणि इतकी वर्षे मैदानामुळे राहिलेला अभ्यास एकदाचा मार्गी लागतो. बोर्डाच्या परीक्षेला लेखनिकही मागावा लागत नाही, कारण गोलंदाजीचा हात पूर्ण शाबूत असतो. तीन तास बाकावर ताठ बसणे तेवढे त्याला जमवावे लागेल.